श्रीनूच्या नावावरची चूक

श्रीनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात त्याचीच वाट पाहत होतो. झोपेतच गेला, म्हणे... दीड महिना झाला, तरी डबा उघडून एकट्याने बसवत नाही.

सोलापुरात आम्ही दोघांनी मिळून सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस थाटलं. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू, मी जवळच्या होटगी गावचा, घरी मराठी. दवाखान्यात औषधांच्या पाकिटावर पेशंटचं नाव छापणारा प्रोग्रॅम आमचा. त्यात इंग्रजी अक्षराला मेमरीत एक घर लागायचं, तेलुगू अक्षराला दोन. श्रीनूचं म्हणणं, कोड दोन्हींना एकच हवा. किती घरं लागतात ते कोडने अक्षराच्या प्रकारालाच विचारावं. मला एवढा धीर कुठला! मी इंग्रजीचा कोड उचलून तेलुगूसाठी त्याची नक्कल केली आणि घरं दुप्पट करायला विसरलो. तपासलाही इंग्रजी नावांवरच.

तेलुगू नावं अर्धीच छापली गेली. दोन आजींची अर्धी नावं सारखी निघाली आणि एकीची औषधं दुसरीला गेली. गोळ्यांचा रंग वेगळा दिसला म्हणून ती परत आली, नाहीतर... डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यात बोलावलं, ते भडकले होते. मी तोंड उघडायच्या आत श्रीनू म्हणाला, "चूक माझी हाय, सर." मी गप्प राहिलो.

परतल्यावर वाटलं, आता हा झापणार. त्याने माझी खुर्ची शेजारी ओढून घेतली. "आता एकच कोड लिहू की रे. इंग्रजी नावाला एक आणि माझ्या आईच्या नावाला दुसरा, असं नको." संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून तो लिहिला आणि पहिल्यांदा त्याच्या आईचंच नाव छापून पाहिलं. पूर्ण आलं. डॉक्टरांनी काम चालू ठेवलं, पण श्रीनूला पुन्हा दारात उभं केलं नाही. तिथं मीच जायचो, चांगला मानाने चहा पिऊन यायचो.

परवा श्रीनूच्या बायकोला, वहिनींना भेटलो आणि सगळं सांगून टाकलं. "आमाला तर त्यांनी सोताचीच चूक सांगितली होती," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "त्यांच्याशी कधी बोलला का तुमी हे?"

नव्हतो बोललो. लाज वाटायची.

झालेली प्रत्येक चूक कोडच्या माथ्यावर नावानिशी नोंदवायची श्रीनूची सवय. त्या दिवसाच्या चुकीसमोर त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं. काल ते काढून मी माझं लिहिलं. त्या नोंदी वाचणारा तो एकटाच होता.