काही काम हाये का जी?

उटाबाई सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला, "काही काम हाये का जी?" नमस्कार नाही, झोप झाली का नाही, सरळ काम. हे वाक्य तिला आमच्या ह्यांनी शिकवलं होतं. जर्मनीहून आलेली, चाळिशी ओलांडलेली ताडमाड बाई आमच्या एकोडी गावच्या बोलीत काम मागते, याची ह्यांना भारी गंमत वाटायची. मला मात्र सकाळी सकाळी धसका बसायचा. रोज उठून हिला काय काम द्यायचं? तांदूळ निवडायला दिले तर सुपात एक खडा म्हणून राहायचा नाही, आणि ते संपले की बाई पुन्हा दारात हजर!

एका संस्थेच्या बालकेंद्रात ती वर्षभरासाठी बिनपगारी आली होती. हातापायांत जोर नसलेल्या मुलांचे व्यायाम घ्यायची. मी आरोग्यसेविकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली, मुलगा पुण्यात, मागची खोली रिकामी. म्हणून ती आमच्याकडे राहिली. मुलांमध्ये असली की हसायची, गाणी म्हणायची. संध्याकाळी मात्र खोलीत शिरून दार लावून घ्यायची. चहा घेऊन गेलं तर खाटेवर ताठ बसलेली, भिंतीकडे बघत.

"काय करून राहिली वो?" मी विचारायची.

"काही काम नाही जी," चोरी पकडल्यासारखा चेहरा करून ती म्हणायची. एवढ्या लांब आलेलं माणूस, आणि संध्याकाळी सोबतीला भिंत. पण उठून शेजारी जाऊन बसावं हे तिला सुचायचंच नाही. तिच्या लेखी दुसऱ्याच्या घरी जायला कारण लागतं.

या कारणापायी तिनं एकदा चांगलाच घोळ घातला. शेजारची शांताबाई नेहमीप्रमाणे येऊन ओसरीवर टेकली. मी आत होते. उटानं विचारलं, "कायले आली?"

"अशीच."

थोड्या वेळानं पुन्हा, "काही काम होतं का?"

झालं! शांताबाई पदर झटकून उठली आणि जाता जाता मलाच ऐकवून गेली, "तुह्या घरी बसाले आता ग्रामपंचायतीचा दाखला आणू का वो?" त्यानंतर कितीतरी दिवस तिनं आमची पायरी चढली नाही. उटा बिचारी गोंधळून गेली. "मी मदत करणार होती," एवढंच म्हणत राहिली.

दर रविवारी ती वडिलांना फोन करायची. ते तिकडे एकटेच असायचे. फोन सुरू झाला म्हणेपर्यंत संपलेला असायचा. "बाबा बोलत नाहीत," ती सांगायची. "औषध घेतलं का विचारते. हो म्हणतात. मग काय बोलू?"

धानाची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळी ती दारात आली. "काही काम हाये का जी?" मी सूप पुढे सरकवलं. निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "माहे बाबा मेले. रात्री." हात चालूच. मी सूप काढून घ्यायला गेले तर सोडेना.

विमान दोन दिवसांनी होतं. तिकडे माती द्यायला थांबतात, ती पोचेल, असं तिच्या भावानं कळवलं होतं. मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि चूल तशीच ठेवली. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत. वाटलं, इथं हिच्या बापासाठी कोण येणार? तर पहिली कोण यावी? शांताबाई! हातात वरणभाताचं पातेलं. ते माझ्याकडे दिलं आणि उटाशेजारी जाऊन खाली बसली. मागोमाग वस्तीतल्या बाया आल्या, केंद्रातल्या मुलांच्या आया आल्या. येतील तशा खाली नुसत्या बसत गेल्या.

उटा लागली धावपळीला. खुर्च्या काढ, पाणी आण, चहा करू का विचार. शांताबाईनं तिचं मनगट धरलं. "बस वो बाई."

"मग मी काय करू?"

"काहीच नोको करू. आमी करून राहिलो का काही?"

ती बसली. मग आपणहून बोलायला लागली. बाबा रेल्वेत होते, सफरचंदाचं साल न तुटता सोलायचे, हिला शाळेत सोडताना हात घट्ट धरायचे. अर्धं आमच्या बोलीत, अर्धं तिच्या. बायांना निम्मं कळलं नसेल, पण एकही उठली नाही. शांताबाई "हो ना वो, हो ना" करत होती. शेवटी ती एवढी उंच बाई शांताबाईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली.

जाऊन आली ती वेगळीच होऊन आली. मला म्हणाली, "काकू, मी बाबांना औषधच विचारत राहिली. नुसती बसली असती तर?" त्या दिवसापासून संध्याकाळी मागच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि बाई शांताबाईच्या ओट्यावर. "कायले आली वो?" शांताबाई मुद्दाम विचारायची. "उगीच," उटा म्हणायची, आणि दोघी खो खो हसायच्या. वर्ष संपलं तेव्हा साकोलीच्या बसस्थानकावर सगळ्यात जास्त शांताबाईच रडली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. यंदा हिवाळ्यात हे गेले. सगळं गाव दुखवट्याला बसायला आलं. आणि मी? मी पाणी देत होते, सतरंज्या अंथरत होते, कोणाला बीपीची गोळी घेतली का विचारत होते. "बसा जी," सगळे म्हणायचे, पण मी बसले नाही. मुलगा राहिला तेवढे दिवस राहिला आणि नोकरीवर परतला. लोकांची मळणी खोळंबली होती, तेही शेतावर गेले. घर खायला उठायचं. निवडलेलेच तांदूळ मी पुन्हा निवडत बसायची.

अशाच एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर उटाबाई. मुलानं तिला कळवलं होतं. केस पांढरे झालेले. नुसती बघत राहिली, बोलेना. मलाच राहवेना.

"काहून फोन केला वो? काही काम होतं का?"

"काही काम नाही जी," ती म्हणाली. "बसाले आली."

मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. सूप बाजूला सारलं. आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. ती बसून होती.