दारातून पास

"वयनी, मागे सरा. अजून मागे."

हे म्हणताना आमचे पेंटर डावा हात असा हलवायचे, की अंगणातल्या कोंबड्याच हाकलताहेत. ते खाली बॅडमिंटनच्या कोर्टावर आणि मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. गॅलरीतून मागे सरायचं म्हणजे सरळ स्वयंपाकघरात. मी आज्ञाधारकपणे जायची आणि तिथून ओरडायची, "आता काहीच दिसत नाही हो."

"मगे इतक्या मागे कित्याक गेलात?"

ऐंशीनंतरची ती वर्षं. विक्रोळीच्या आमच्या वसाहतीत गणपतीत नाटक व्हायचं. त्याचा मागचा पडदा पेंटर रंगवायचे. आधी ते गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे वसाहतीतल्याच थोरल्या भावाच्या खोलीत येऊन राहिले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. बायको आणि मुलगी गावी, मालवणकडे. "कायम नोकरी लागली काय दोघांका घेऊन येतलंय. पोरीक हयच्या शाळेत घालूचा आसा," असं ते पाटी रंगवता रंगवता कुणालाही सांगायचे. विचारलेलं नसलं तरी.

पडदा रंगायचा तो जमिनीवर. अख्ख्या कोर्टावर मांजरपाट अंथरायचा, कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. लांब बांबूला ब्रश बांधून पेंटर अनवाणी कापडावर उतरायचे. पहिल्यांदा आभाळ. कडेला जमलेल्या पोरांना दम भरायचे, "आभाळात चपला घालून येव नको हां." पोरं खरंच घाबरून आपापल्या पायांकडे बघायची.

संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा, तिवरांचा चिखलट वास घेऊन. त्यात रंगात घालायच्या शिजवलेल्या सरसाचा वास मिसळायचा. ओलं आभाळ गडद असायचं, वाळत जाईल तसं फिकं व्हायचं, आणि पेंटर त्यातून सावकाश चालत असायचे. मध्येच थांबायचे. इथे कशाला आलो होतो तेच विसरल्यासारखे. मी वरून बघत राहायची. माझं दूध किती वेळा उतू गेलं याबद्दल सासूबाई सविस्तर बोलल्या असत्या.

गंमत अशी, की त्यावर उभ्या असलेल्या माणसाला पडदा कधी सबंध दिसत नसे. म्हणून ते मला विचारायचे. मला वाटायचं, मी बी.ए. आहे म्हणून विचारतात. मी तिसऱ्या मजल्यावर राहते म्हणून विचारतात, हे काही त्या वयात सुचलं नाही.

त्या वेळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पदवीचा फोटो मी दाराच्या बरोब्बर समोर टांगला होता. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा आधी तो दिसला पाहिजे. गाऊन फोटो स्टुडिओतला, भाड्याचा. बाह्या इतक्या लांब, की बाईसाहेबांना हात आहेत की नाहीत कळू नये. वर बाहेरून एम.ए. चाललं होतं. मनात लिहिण्याजोग्या गोष्टी यायच्या, पण त्यांना मी बजावून ठेवलं होतं, एम.ए. झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. ही मुलगी आज जिन्यात भेटली तर मी तिला चिमटा काढीन.

जवळच्या एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा निघाली. पेंटर तिथल्या स्नेहसंमेलनाचं सगळं करायचे, मोठ्या बाईंचा त्यांच्यावर जीव होता. बाई म्हणाल्या, पदविकेची परीक्षा पास व्हा, जागा तुमची. पेंटर कोर्टावर उभे राहून मला ओरडून विचारत होते, "वयनी, जमात काय माका?" मी धावत खाली गेले. पदवीचा विषय निघाला आणि मी गप्प बसले, असं झालेलं नाही.

लेखी पेपर मी शिकवायचा ठरला. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण गाइड होतं. जिन्याच्या पायरीवर शाळा भरायची.

"चित्र म्हणजे काय, पेंटर?"

"भावनांचा रंगरेषांतून होणारा आविष्कार." एका दमात. मग हळूच, "वयनी, आविष्कार म्हणजे काय ओ?"

"ते परीक्षेत विचारत नाहीत."

निकाल सांगायला ते त्याच पायरीवर येऊन बसले. हातात चहाचा कप, त्याकडे लक्ष नाही.

"लेखी पास झालंय, वयनी. तुमचा पेपर पास."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि चित्र?"

चित्रात नापास. एक तांब्या, एक फडकं आणि दोन संत्री समोर ठेवली होती. पेंटरांनी ती रंगवली, जशी ते सगळंच रंगवायचे, मंडपातल्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसासाठी. जवळून बघाल तर नुसते फरकाटे. परीक्षक आले तेव्हा ते म्हणाले, "सायेब, वायच लांब रवान बघा." परीक्षक भला माणूस. खरोखर दारापर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ उभा राहिला.

"मगे तो हसलो. माका वाटला, झाला काम. पण परत टेबलाकडे इलो आणि तिकडे मार्क घातल्यान." पेंटर कपात बघत होते. "दारातसून पास, वयनी. टेबलार नापास."

"पुढच्या वर्षी परत बसा."

"जागा रवात काय तवसर?"

जागा राहिली नाही. एक गुणी मुलगी आली त्या जागेवर. तिचे तांबे फार सुबक असत. तिचा काय दोष.

त्या वर्षीही गणपतीआधी कोर्टावर मांजरपाट अंथरला गेला. पेंटरांनी खाडी काढली, विक्रोळीची नव्हे, त्यांच्या गावची. तिन्हीसांजेची. पलीकडच्या काठावर अंधारात एक पिवळा ठिपका दिला. मी वरून म्हटलं, "पेंटर, तो डाग कसला पडलाय? पुसून टाका."

त्यांनी वर बघितलं. हात नाही हलवला. "वयनी, तुमी अजून जवळ आसात."

कोकणातला माणूस गणपतीत मुंबईत थांबत नाही. दर वर्षी ते पडदा वाळला की एसटी धरायचे आणि नाटक मागाहून व्हायचं. त्यांनी गणपतीतला आपला एकही पडदा उभा राहिलेला पाहिला नव्हता. सगळे आडवेच पाहिले. त्या वर्षीही गेले. पुढे त्यांचा भाऊ म्हणाला, "तो आता थयच रवलो."

नाटकाच्या दिवशी माझी खुर्ची पुढच्या रांगेत होती. मी उठून शेवटच्या रांगेत गेले. पडदा उभा होता. खाडीपलीकडे कुणाच्या तरी घरात दिवा लागला होता आणि कुणीतरी वाट बघत होतं. नाटक कुठलं होतं ते आता आठवत नाही. मंडळाने तो पडदा पुढे किती तरी वर्षं वापरला. राजाच्या दरबारामागेही ती खाडीच असायची. शेवटी उंदरांनी खाल्ला.

परवा नात विचारत होती. चित्रकलेच्या कॉलेजात आहे, कंटाळलीय. "आजी, आर्टिस्टला डिग्री लागतेच का गं?"

"पेंटरांना लागत होती," मी म्हटलं. "पडद्याला नव्हती."

"म्हणजे सोडू की नको सोडू?"

"डिग्रीचा फोटो दारासमोर लावणार नसशील तर पुरी कर."

ती वैतागली. आपलं चित्र तिने माझ्या चष्म्याला चिकटवल्यासारखं धरलं. नुसते रंग दिसले. मी डावा हात हलवला. मागे सर. अजून मागे. ती चित्र छातीशी धरून दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"आता?" तिने विचारलं.

मी चष्मा पुसून बघितलं. तिच्यामागे जिन्यात कुणीतरी दिवा लावला होता.