आईची कबर रस्त्यापलीकडे

आपल्या घरातलं माणूस गेलं तर त्याची कबर आम्ही खोदत नाही. ती रस्त्यापलीकडचे खोदतात, आणि त्यांच्यातलं कुणी गेलं की आमची माणसं फावडी घेऊन तिकडं जातात. आता नेमका हा रस्ताच मलावी आणि मोझांबिकची हद्द आहे, त्याला आम्ही काय करणार? गोऱ्या साहेबांनी रेघ ओढली तेव्हा आमच्या कबरी कोण खोदतं, हे कुणी विचारायला आलं नव्हतं.

जेलादा माझी शेजारीण. बटाटे पिकवते, रस्त्याकडेला बादल्यांत रचून विकते, आणि जो भाव करायला जातो तो बटाट्यांबरोबर चार शब्दही घेऊन येतो. नवरा लवकर गेला. दोन्ही मुली तिनं एकटीनं वाढवल्या, त्यांची लग्नं लावून दिली. एकदा नाही म्हणाली की नाहीच. आमची कडाक्याची भांडणं होतात आणि दर वेळी मलाच आधी बोलावं लागतं.

तिची आई, म्हातारी नासिबेको, गेली ती बंदीच्या दिवसांत. पलीकडं कॉलऱ्याची साथ होती. आमच्या बाजूनं रस्त्याला दोरी बांधलेली आणि तिच्यावर पहारा सार्जंट न्यिरोंगोचा. तो उत्तरेकडून नुकताच बदलून आलेला. माणूस वाईट नव्हता, पण आमच्या रीतीभाती त्याला ठाऊक नव्हत्या. मयताला आला, हळहळला आणि जेलादाला म्हणाला, "आई, काळजी करू नका. माझे शिपाई तरणे आहेत, घटकाभरात खड्डा खणून देतील."

बायकांचं रडणं थांबलं.

"खड्डा?" जेलादा म्हणाली. "कचरा पुरायचाय का, साहेब?"

बिचारा गोरामोरा झाला. कुणीतरी त्याला रीत समजावून सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, पण मान हलवली. "पलीकडून माणूस सोडता येणार नाही. साथ इकडं आली तर तुमचीच पोरं मरतील."

हेही खोटं नव्हतं. आमचा मुखिया म्हणाला, एवढ्या वेळेला चालवून घेऊ, खणू देत शिपायांना. जेलादानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो पाणी प्यायला म्हणून जो गेला तो फिरकलाच नाही.

"तिला आपल्या कबरींच्या राईत निजायचं होतं, माझ्या भावाशेजारी," जेलादा म्हणाली. "पण परक्या हातांनी खणलेल्या कबरीत मी तिला ठेवणार नाही. खोदणारे इकडं येऊ शकत नाहीत ना? मग आई तिकडं जाईल. साहेब, तुमच्या हुकमात मेलेल्याला बंदी आहे का?"

सार्जंटनं हुकूम आठवून पाहिला. तशी बंदी काही नव्हती.

आम्ही नासिबेकोला चटईत गुंडाळून रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि मागं सरलो. दोन्हीकडचे ट्रक थांबले. पलीकडून खोदणाऱ्यांचा म्होरक्या फावस्तिनो आपली माणसं घेऊन पुढं आला. मयतात चेष्टा करायचा हक्क खोदणाऱ्यांचा, आणि फावस्तिनो तो कधी सोडत नाही.

"आली का म्हातारी शेवटी मोझांबिकला!" तो ओरडला. "पण जेलादा, माझी कोंबडी कुठाय? कोंबडीशिवाय मी फावडं उचलत नाही."

जेलादानं पाय बांधलेली कोंबडी त्याच्याकडं भिरकावली. "घे, मेल्या! हिचा पासपोर्ट साहेबांकडं माग."

आम्ही रडता रडता हसलो. सार्जंटही हसला, मग पटकन गंभीर झाला.

समोरच्या उतारावर कबर खोदताना आम्हांला इकडून दिसत होतं. खोदून झाली, चटई खाली उतरवली आणि फावडी थांबली. मातीची पहिली मूठ लेकीची असते. फावस्तिनोनं हाक मारली नाही. नुसता आमच्याकडं बघत उभा राहिला.

सार्जंट जेलादाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, मी पाठ फिरवतो. पटकन जा, माती घाला आणि परत या. मी काही पाहिलं नाही."

"जा ना, बये!" मी तिला ढकललं. ती जागची हलली नाही.

"पाठ नको फिरवूस, बाबा. आईला माती काय चोरून द्यायची? आणि चोरून गेले की चोरूनच परत येणार. मग उद्या माझं बघून सगळा गाव जाईल, आणि साथ येईल ती माझ्या पायानं. तू माझ्याकडं बघून 'जा' म्हण. बंदी उठेपर्यंत मी परत येत नाही."

"अगं, तुझे बटाटे काढायला आलेत!" मी म्हणाले.

"सडू देत."

सार्जंट तिच्याकडं तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जा. कुणी विचारलं तर न्यिरोंगोनं सोडलं म्हणून सांगा." दोरी त्यानं स्वतः वर धरली. जेलादा गावादेखत रस्ता ओलांडून गेली. मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं.

ती फावस्तिनोच्या घरी राहिली. रोज सकाळी रस्त्याकडेला येऊन आम्हांला शिव्या घालायची. तिचे बटाटे आम्ही काढत होतो, आणि तिच्या मते आमच्यातल्या एकीलाही कुदळ धरता येत नव्हती.

एके दिवशी ती आली, पण बोलेना. सार्जंटनं इकडून विचारलं, "आई, बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. पण फावस्तिनोच्या सुनेला कालपासून जुलाब लागलेत." ती दोन पावलं मागं सरली. "इथलं कुणी तिकडं सोडू नकोस, बाबा. मी रडत आले तरी सोडू नकोस."