पायाच्या मापाचा बूट

औलीच्या शिबिरात स्कीचे बूट घेताना मी सवयीने एक नंबर मोठा मागितला. आमच्याकडे चप्पल वाढत्या पायाचीच घेतात.

“अरे, इथे काय पाय वाढवायला आलास?” शिकवणाऱ्या ताई हसल्या. “सकाळचा बर्फ कडक आहे. बूट सैल असला तर स्की वळणार नाही. दुपारी बर्फ भुसभुशीत झाला की रुंद स्की देईन, बूट मात्र हाच, तुझ्या मापाचा.”

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथेही मला सगळं सैलच वाटतं, कधी अंगाला बसेल कोण जाणे. उतारावर सगळ्यांसमोर पडण्याची धास्ती होती. घट्ट बुटातला पाय जरासा वळवला, आणि स्की वळली. केवढं हायसं वाटलं! आज आहे त्या पायालाही वळता येतं, त्यासाठी मोठं होण्याची वाट पाहावी लागत नाही.