कुकरीसाठी माघारी गेलेला बाप

गाव सोडलं त्या सकाळी माय म्हणाली, जातं तट्टावर घाला. बापानं चढवलेलं जातं उतरवून ठेवलं.

"राहू दे इथंच. वऱ्हाडात काय जाती न्हाईत का?"

माय म्हणाली, "वऱ्हाडात कुकऱ्या बी असतील."

कुकरी बापानं आधीच कमरेला बांधली होती आणि वरून धोतराचा काचा घट्ट केला होता. जातं ओसरीत राहिलं आणि आम्ही निघालो. बाप, माय, मी, एक तट्टू आणि विकायच्या राहिलेल्या शेळ्या. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

भाच्यांनो, गावात राहिलेले तुम्ही आणि पुण्याला गेलेले तुम्ही, सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. दसऱ्याला कुकरीची पूजा ठेवली आहे, आत्यानं येऊन आज्याच्या शौर्याबद्दल दोन शब्द बोलावेत, असा तुमचा निरोप आला. मी चौथी शिकले आहे. भाषण मला येत नाही. जे झालं ते लिहिता येतं.

आम्ही जाफराबादकडचे धनगर. हिवाळ्यात मेंढरं घेऊन परतूरकडं उतरायचो आणि लोकांच्या शेतात खतासाठी कळप बसवायचो. तिथं कापसाच्या एका जिनिंगवर नेपाळी गुरखा होता. त्याच्याजवळ दोन कुकऱ्या होत्या. दोन्ही त्याच्या गावच्या लोहारानं हातानं घडवलेल्या. बाप दिवसभर कळपामागं आणि दिवस कलला की गुरख्याजवळ. कुकरी हातात घ्यायची, फिरवायची, परत द्यायची. शेवटी गुरखा थंडीनं कुडकुडताना दिसला आणि बापाचं काम झालं. बापानं मायची घोंगडी त्याला दिली आणि एक कुकरी घेऊन आला.

ती घोंगडी साधी नव्हती. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर मायनं पावसाळाभर कातली होती. माझ्या लग्नात द्यायची म्हणून ठेवली होती. बापानं म्यानातून कुकरी काढून दाखवली. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, पुढं वाकलेलं जाड पातं, मुठीजवळ पात्याला एक खाच. म्यानाच्या पाठीला दोन लहान सुऱ्या, एक धारेची, एक बोथट, धार लावायला. मायनं हात लावला नाही.

बाप म्हणाला, "हातानं केल्याली हाये. असली दुसरी सापडायची न्हाई."

माय म्हणाली, "आन् माझी घोंगडी काय पायानं केल्ती?"

पहिली काही वर्षं बाप कुकरीनं शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडायचा. पुढं तेही बंद झालं. पाल्याला कुऱ्हाड, कुकरी नुसती पुसायला. रोज जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचा. माझ्या डोक्याला तेल सणाला मिळायचं. एका दसऱ्याला मायनं पात्यावर ओलं कुंकू लावलं आणि पातं डागाळलं. घरातली पूजा आहे, हळदीकुंकू ओलंच लावतात, तिला काय ठाऊक? बाप त्या दिवशी जेवला नाही. घरात मयत झाल्यासारखा भिंतीकडं तोंड करून बसला. धनगराला वस्तूचा एवढा लोभ नसतो. आमची घरंच पाठीवरची. पण बापाच्या उभ्या जन्मात नुसती आवडली म्हणून घेतलेली ती एकच वस्तू होती. हे मला कळतं. कळतं म्हणून मी माफ केलं असं कुणी समजू नये.

मग निझामाच्या राज्याची शेवटची वर्षं आली. धामधूम सुरू झाली, माणसं घरं सोडून वऱ्हाडात जाऊ लागली, आणि आम्हीही निघालो. देऊळगाव राजाकडं मायची मावसबहीण होती. मध्ये निझामाचा करोडगिरीचा नाका होता. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर तिथं कर घेत आणि त्या दिवसांत हत्यारंही तपासत. नाक्यावरच्या जमादारानं शेळ्यांकडं पाहिलं, तट्टावरचं गाठोडं उकललं, कुऱ्हाड पाहून बाजूला ठेवली. मग त्याचं लक्ष बापाच्या कमरेकडं गेलं.

"ये क्या है रे?"

"पाला तोडायची हाये, साहेब."

"और कुल्हाडी क्या दाढी बनाने की है?"

बाकीचे शिपाई हसले. जमादारानं कुकरी काढली, तळहातावर तोलली, अंगठा धारेवरून हळूच नेला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बापाचं व्हायचं तसंच.

"चीज अच्छी है. मगर हथियार उधर नहीं जाता. यहाँ रख, नहीं तो वापस जा."

बापानं विचारलं, "ठिवली तं माघारी मिळंल का?"

जमादार म्हणाला, "झूठ क्यों बोलूँ? मैं नहीं देता."

माय पुढं झाली. "आवं, देऊन टाका की ती. पोरगी उन्हात उभी हाये."

बापानं जमादाराच्या हातातून कुकरी घेतली आणि म्यानात घातली. म्हणाला, "तुमी व्हा पुढं. गावात ठिवतो आन् चार दिवसांत येतो."

तो जमादार सरकारचा माणूस, आमचा कुणी नव्हे. पण त्यालाच राहवलं नाही. "अरे बाबा, लोहे के वास्ते बाल-बच्चे छोडता क्या?"

"लोखंड न्हाई, साहेब," बाप म्हणाला. तो वळला.

आम्ही दोघी शेळ्या हाकत पलीकडं गेलो. मावशीच्या शेताच्या कडेला पालाचं खोपट घातलं. मायनं कापूस वेचला, निंदण केलं, मला शाळेत घातलं. वऱ्हाडातल्या बाया आम्हाला, निझामाच्या मुलखातल्या म्हणून, "मोगलाईवाल्या" म्हणायच्या. विहिरीवर आमची घागर मागं सारायच्या. माय रोज नाक्याच्या वाटेकडं बघायची, मग आठवड्याला, मग सोडून दिलं. निझामाचं राज्य गेलं. नाका उठला. आता कुकरी काय, तोफ घेऊन आला असता तरी कुणी अडवलं नसतं. बाप आला नाही. बाजारात गावची माणसं भेटली, त्यांनी सांगितलं, त्यानं दुसरी बायको केली. ती तुमची आजी.

माय एवढंच म्हणाली, "बरं झालं. तेलाचं बोट फिरवायला माणूस मिळालं."

ती पुन्हा त्या गावात गेली नाही. बाप मेला तेव्हा मी एकटीच गेले. तेव्हा तुमच्या बापानं कुकरी माझ्या हातात दिली. म्हणाला, "अक्का, बघ तरी." मी मागल्या अंगणातल्या बाभळीच्या फांदीवर एक घाव घातला. जोर लावावाच लागला नाही. वजन सगळं पुढं, हात आपोआप खाली जातो. मनगटाएवढी फांदी तुटून पडली आणि मूठ तळव्यात जराही हलली नाही. खोटं कशाला सांगू, परत एक घाव घालावासा वाटला. तिथंच माझा राग वाढला. भंगार असती, तर बाप खुळा होता म्हणून विषय संपवला असता. पण वस्तू खरीच चांगली होती. तो फसला नव्हता. त्यानं नीट तोलून पाहिलं आणि आम्ही दोघी हलक्या भरलो.

तुम्ही फलक केला आहे म्हणे, "जुलमी राजवटीपुढं शस्त्र खाली न ठेवणारा वीर." पुण्यातल्या पोरांनी फोटोही काढले. कुणी त्याला शस्त्र टाकायला लावून झुकवत नव्हतं. जमादारानं त्याला एक प्रश्न विचारला होता आणि त्यानं उत्तर दिलं. फलकावर माझ्या मायचं नाव कुठं आहे?

मी येणार नाही. तुमच्या गावाशी माझं भांडण उरलेलं नाही आणि नातंही नाही. गाव म्हटलं की लोकांना देऊळ दिसतं, नदी दिसते. मला, मी नाक्यावरून मागं वळून पाहिलं तेव्हाचा बाप दिसतो. वाटलं होतं आमच्याकडं बघत असेल. तो खाली मान घालून म्यानाची दोरी नीट बांधत होता.

माझं घर इथं आहे. मायनं पालाचं खोपट घातलं, मग मातीच्या भिंती घातल्या, मग पत्रे आले. याच घरात ती म्हातारी झाली आणि मेली. तुम्हाला भेटावंसं वाटलं तर इकडं या. भाकर मिळेल. कुकरी बरोबर आणू नका.