न घासणारी मोटर

रविवारी सकाळी नवरा नवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होता. जुना घरघरायचा, त्याच्या मोटरमधले कार्बनचे ब्रश घासून झिजायचे. या नव्या मोटरमध्ये काही कशाला घासतच नाही, म्हणून ती इतकी जोरात पळते, असं दुकानदार म्हणाला होता. आवाज मात्र बारीक, ताणलेल्या तारेसारखा. मशीन जवळ आलं तसे मी पाय वर घेतले. त्याने ते खुर्चीखालून फिरवलं.

आम्हीही हल्ली असेच वावरतो. भांडण नाही, धक्का नाही. मोटरचं हे कौतुक ठीक आहे, पण घरात या न घासण्याची भीती वाटते.

मी मुद्दाम पाय खाली सोडला. मशीन पायावर आपटलं. त्याने ते घाईने बंद केलं.

“अगं, लागलं का?”

“लागलं,” मी म्हणाले, आणि पाय तिथेच ठेवला.