मागे पाहणारा पक्षी

नान शेपाची पाठ जगभर पोचली आहे. कुठल्या कुठल्या देशांत, कुणाकुणाच्या भिंतींवर ती टांगलेली असेल: पांढरी वेणी, कमरेभोवती मागाचा पट्टा आणि पलीकडे खांबाला बांधलेला लाल ताणा. तोंड मात्र कुणालाच मिळालं नाही. तिने माग बांधायला खांबच असा निवडला आहे, की फाटकातून येणाऱ्याला तिची पाठच दिसावी.

ग्वातेमालाच्या डोंगरांतल्या आमच्या चुवाबाह गावात वडीलधाऱ्या बाईला नान म्हणतात आणि पुरुषाला तात. मी बालतासार लुश, नान शेपाच्या कुंपणाला कुंपण लागलेला. माझी बारा माणसांची गाडी आहे. फोटो काढायला येणाऱ्या परदेशी माणसांच्या लहान लहान गटांना मी डोंगरांतून, बाजारांतून आणि आमच्या पूर्वजांच्या पडक्या देवळांतून फिरवतो. कुठल्या वळणावर धुकं किती वाजता फाटतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

नान शेपाच्या पाठीचं कारण सांगायचं तर मला चार वर्षांचं व्हावं लागेल.

आमचा संत आंद्रेस देवळात राहत नाही. दर वर्षी तो एकेका मानकऱ्याच्या घरी राहायला जातो. जमिनीवर पाइनची हिरवी पानं अंथरायची, धूप जाळायचा, घरातलं कुणी ना कुणी सतत त्याच्याजवळ असायला हवं. एक्याऐंशी साली तो नान शेपाच्या घरी आला. तिचा नवरा बेंतुरा हा मुख्य मानकरी. त्याच्याबरोबर आणखी पाच. त्यांतला एक माझा बाप, गास्पार. या सहा जणांसाठी सणाचे कमरपट्टे नान शेपाने विणले. तीन महिने लागले. लाल जमीन आणि टोकाशी पक्ष्यांची रांग, सगळे पुढे बघणारे.

तिच्या आईने तिला एक शिकवण दिली होती. एकत्र विणलेल्या कापडांत एका ठिकाणी चूक ठेवायची. सगळंच्या सगळं निर्दोष विणलं, तर विणणारीचे डोळे कापडात अडकून राहतात. म्हणून नान शेपाने सहांतल्या एका पट्ट्यावर शेवटचा पक्षी उलटा विणला. मान वळवून मागे पाहणारा.

त्या सणाला एक तरुण परदेशी बाई डोंगर चढून पायी आली होती. गळ्यात कॅमेरा. तिने संतापुढे सहाही जणांचा फोटो काढला आणि पाठवते म्हणाली. पाठवते तर सगळेच म्हणतात. हिने पाठवला. फेब्रुवारीत तिकिटं लावलेलं पाकीट आलं. आमच्या गावात कागदावर उतरलेला तो पहिला फोटो. शोभेल अशी जागा एकच होती. नान शेपाने तो संताच्या पायाशी ठेवला.

मार्चमध्ये बंडखोरांना शोधत सरकारचे सैनिक वर चढले. पुरुष आधीच रानात गेले होते. मागे राहिलेल्या बायकांनी काय उचलावं? नान शेपाने रीतीप्रमाणे आधी संत उचलला. कपाळाला पट्टा लावून लाकडाचा जड संत पाठीवर घेतला आणि ती घळीत उतरली. नऊ दिवस तिने त्याला जमिनीला टेकू दिलं नाही, असं अजून सांगतात. फोटो मात्र तिथेच राहिला.

पुढच्या महिन्यात पुरुष मीठ आणायला बाजारात उतरले. वाटेवर सैनिक उभे होते, त्यांच्या हातात तो फोटो. नाव विचारायची गरजच पडली नाही. कागदाकडे बघायचं, तोंडाकडे बघायचं. तू दुसरा. तू पाचवा. माझा बाप चौथा. सहाही जणांना त्यांनी पडक्या देवळांच्या टेकडीवरच्या ठाण्यात नेलं.

"शेपाने लाकूड वाचवलं आणि माणसं घालवली," असं गावात म्हणू लागले. पहिल्यांदा म्हणाली ती माझी आई. त्यानंतर सदतीस वर्षं कुंपणाच्या अलीकडून पलीकडे एक शब्द गेला नाही. कोंबडी पलीकडे गेली तर मला पाठवायचे. नान शेपाच्या घरी पुन्हा कधी संत राहायला आला नाही. तिला मूल नव्हतं. ती बायकांचे सदरे विणत राहिली, पण पुरुषाचा कमरपट्टा तिने परत मागावर चढवला नाही.

चार वर्षांपूर्वी ग्वातेमाला शहरातून हाडांचे डॉक्टर आले. देवळांच्या टेकडीखाली त्यांनी हळूहळू, ब्रशने माती झाडत खड्डा उकरला. आमच्या रक्ताचे थेंब नेले. सहांपैकी तिघांची नावं लागली, त्यांना आम्ही पुरलं. उरलेल्या तिघांची हाडं चुन्याने खाल्ली होती, रक्ताशी त्यांचा मेळ बसेना. बेंतुरा, माझा बाप आणि लोरेन्सो. लोरेन्सोची माणसं त्या सालीच समुद्राकडच्या मळ्यांवर गेली, ती परत आली नाहीत.

तिघांच्याही कमरेशी पट्ट्याच्या चिंध्या होत्या. डॉक्टरीणबाईने त्या पांढऱ्या कागदावर मांडल्या आणि नान शेपाला बोलावलं. एका चिंधीवर पक्षी मागे पाहत होता.

"हा कुणाचा?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

नान शेपाने तिन्ही चिंध्या एकेक करून डोळ्यांजवळ धरून पाहिल्या. मग म्हणाली, "सांगता येत नाही."

घरी येताना गाडीत मी तिला विचारलं, "नान, खरंच आठवत नाही?"

"मन म्हणतं बेंतुराचा. चूक दुसऱ्याच्या माथी कशी मारीन? आपल्याच माणसाला दिली असणार."

"मग सांगायचं होतंस."

"सणाच्या सकाळी सहा जण अंगणात ओरडत होते. घाईत कुणाला कुठला दिला ते डोळ्यांना आठवत नाही. मनाच्या सांगण्यावरून कागदावर अंगठा लावला आणि तो लोरेन्सो निघाला, तर? परक्याला माझ्या नवऱ्याच्या नावाने पुरायचं आणि माझा नवरा शहरात खोक्यात?"

मागे पाहणारा पक्षी ज्या हाडांशी सापडला, त्यांच्या खोक्याचा नंबर अकरा. बाकीची दोन सात आणि चौदा. अंगठा तिने लावला नाही, पण मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावताना मी तिला पुटपुटताना ऐकलं आहे, "अकरा, हे घे. अकरा, पेज गरम आहे." एकदा बेंतुरा नावाचा माणूस होता, तो आता अकरा झाला होता. तिला एवढंच हवं होतं, मरायच्या आधी अकराला घरी आणून त्याच्या नावाने पुरायचं.

गेल्या नोव्हेंबरात सहा जणांचा गट आला. शिवाय त्यांची पुढारी, एक म्हातारी, मार्गित तिचं नाव. गुडघे दुखायचे, तरी टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचली. बाकीचे पडक्या दगडांवर उतरणारं ऊन टिपत होते. कुणी खड्डा होता त्या जागेवरच तिकाटणं रोवलं होतं. तिथे आता छान हिरवं गवत आहे. मी काही बोललो नाही. कुठे कुठे बोलायचं?

मार्गितने पिशवीतून एक फोटो काढला. "मी इथे तरुणपणी आले होते. ही माणसं शोधायचीत. तुझ्या ओळखीचं आहे कुणी?"

मी बघितलं. सहा माणसं आणि मधे संत. बापाचा चेहरा मला आठवत नव्हता. पण चौथ्या माणसाचे कान बघितले आणि माझा हात आपोआप माझ्या कानाकडे गेला.

"हा चौथा माझा बाप," मी म्हणालो.

"आहेत?"

"नाही. यांतलं कुणीच नाही."

तिने पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी गाडी थेट नान शेपाच्या फाटकाशी नेली. गटातल्या लोकांनी सवयीने कॅमेरे वर केले आणि पाठ टिपली.

"बालतासार, आज किती गाढवं आणलीस?" नान शेपा मागाकडेच बघत म्हणाली.

"सहा. आणि एक म्हातारी घोडी. नान, मागे वळ. तुला बघायलाच हवं."

माझ्या आवाजात काहीतरी असणार. तिने कमरेचा पट्टा सोडला आणि फोटो हातात घेतला. बेंतुराच्या तोंडावर ती थांबली नाही, याचं मला नवल वाटलं. तिचं बोट सरळ खाली, कमरेकडे गेलं. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या.

सहाही जणांनी टोप्या काढून पोटाशी धरल्या होत्या. संतापुढे डोकं उघडं ठेवायचं, टोपी दोन्ही हातांत धरायची, ही आमची रीत. पट्ट्यांची टोकं टोप्यांमागे झाकली गेली होती.

"टोप्या," नान शेपा म्हणाली. "एवढे मोठे पुरुष, एकालासुद्धा उद्धटपणा जमला नाही."

मार्गित काहीतरी विचारत होती. "काय म्हणते?" नान शेपाने मला विचारलं.

"तिने पाठवलेला फोटो पोचला होता का, विचारते."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. पलीकडे कुंपणामागे माझी आई भाकऱ्या थापत होती, तिच्या हातांचा आवाज थांबल्याचं मला कळलं. नान शेपाने मार्गितच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांग, पोचला. संताच्या पायाशी ठेवला होता."

मी तेवढंच सांगितलं. मार्गितचे डोळे भरून आले. छातीवर हात ठेवून तिने नान शेपाला मान लववली.

"आता तिला विचार, आणखी आहेत का," नान शेपा म्हणाली.

होते. मार्गितने पिशवीतून लहानसा कॉम्प्युटर काढला. एकेक फोटो सरकू लागला: बाजार, मरिंबा वाजवणारे, आंधळी कुत्री. मग तेच अंगण आलं. माणसं अजून फोटोला उभी राहिली नव्हती. टोप्या डोक्यावर, कुणी काहीतरी बोललं असावं, सगळे हसत होते. माझा बापही. बाप हसायचा, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या दातांकडेच बघत राहिलो.

"मोठं करायला सांग," नान शेपा म्हणाली.

मार्गितने चित्र मोठं केलं. नान शेपाने हाडाची विणायची सुई घेतली आणि पडद्याला न लावता ती बेंतुराच्या कमरेवरून पक्षी मोजू लागली. आठ पक्षी. आठही पुढे बघत होते. तिने पुन्हा मोजले. मग सुई चौथ्या माणसाकडे सरकली आणि टोकाशी येऊन थांबली.

माझं लक्ष पट्ट्यावर नव्हतंच. ती गप्प बसली असती, तर मला कळलंही नसतं. अंगठा लावून अकराला आपल्या घरी आणलं असतं, तर तिला विचारणारं कोण होतं?

"बालतासार," ती म्हणाली, "अकरा तुझा आहे."

मी पडद्यावर वाकून बघितलं, बापाच्या पट्ट्यावरचा शेवटचा पक्षी मागे बघत होता.

"नान, पट्टे नंतर बदलले असतील."

"कमरेचा पट्टा पुरुष दुसऱ्याला देत नाही. तुला ठाऊक आहे." तिने सुई वेणीत खोचली. "चार वर्षं तुझ्या बापाला मी माझ्या हातची पेज पाजली. गोड जास्त घालत होते, बेंतुराला आवडायची म्हणून. गास्पार कंटाळला असेल."

कुंपणाच्या पलीकडे आई उभी होती, हातांना पीठ तसंच.

"नक्की?" आईने विचारलं. सदतीस वर्षांनी कुंपणावरून गेलेला पहिला शब्द.

"पट्टा मी विणलाय."

"मी तेव्हा जे बोलले..."

"खरं तेच बोललीस," नान शेपा म्हणाली आणि आईकडे पाठ करून तिने माग पुन्हा कमरेला बांधला.

मार्गितला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलं. केलंही होतं. निघताना तिने हळूच विचारलं, नान शेपाचा एक फोटो काढू का, समोरून.

"नको म्हणावं," नान शेपा म्हणाली. "हिने काढलेले फोटो पोचतात."

मी मार्गितला फक्त 'नको' एवढंच सांगितलं.

मे महिन्यात आम्ही बापाला घरी आणलं. खोकं लहान असतं, मोठा माणूस त्यात मावतो. आईने नवी चादर घातली. नान शेपा स्मशानात आली, पण शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि माती पडायला लागताच निघून गेली. तिच्या माणसाचे आता दोन नंबर आहेत, सात आणि चौदा. दोन्ही पट्ट्यांवरचे पक्षी पुढेच बघतात. डॉक्टर म्हणतात, आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही. वर्षअखेर दोन्ही खोकी गावात परत येतील आणि एकाच खड्ड्यात, नावाविना ठेवली जातील.

परवा मी नवा गट घेऊन तिच्या अंगणात गेलो. मागावर लाल जमीन होती, अरुंद. पुरुषाचा कमरपट्टा. एक विणून झालेला बाजूला घडी करून ठेवला होता. त्यावरचा शेवटचा पक्षी मागे बघत होता. मागावरच्या पट्ट्यातही ती तोच पक्षी विणत होती.

"नान, चूक एकातच ठेवायची ना?"

"एकात ठेवली होती," ती म्हणाली. "तर ती भलत्याच्याच कमरेला गेली. आता सात आणि चौदा, दोघांनाही मागे बघू दे. त्यांतला जो माझा असेल, तो बघेल."

फाटकापाशी कॅमेरे खटखटत होते. तिने बाणा ओढला, लाकडी पट्टीने ठोकून बसवला आणि पुढची ओळ धरली.